रिकाम्या विमानाचा धडा

रविवारी सकाळी हॉलमधला टीपॉय भिंतीला लागला, सतरंजी गुंडाळली गेली आणि फरशीवर वैशालीने एक नकाशा पसरला. चांगला डबल बेडच्या चादरीएवढा. गुंडाळी उलटू नये म्हणून कोपऱ्यांवर काही काही ठेवलं. एकावर माझा खलबत्ता, एकावर नरेनचा बूट, एकावर पाण्याची बाटली. चौथ्याला काही मिळेना, तेव्हा मला म्हणाली, "आई, तुम्ही इथे जरा बसता का?" मी बसले. म्हणजे बघा, या सगळ्या प्रकरणात माझं पहिलं काम नकाशावर वजन म्हणून बसण्याचं होतं.

वैशाली माझी सून. मूळची अमरावतीची, हिंजवडीला कंपनीत नोकरी करते आणि विमान चालवते. हे वाक्य आमच्या नारायण पेठेत मी निदान शंभर जणांना सांगितलं असेल, तरी अजून म्हणताना जीभ अडखळते. प्रवाशांचं मोठं विमान नाही हो. लहान, एका पंख्याचं. तीन-चार वर्षं शनिवार-रविवारी गाडी काढून शिकायला जायची, तेव्हा कुठे परवाना मिळाला. "गाडीचं लायसन असतं, टॅक्सीचं नसतं, तसं आहे हे," नरेनने मला सांगितलं होतं. नरेन माझा मुलगा. स्वतः जिना चढतानाही कठडा धरतो.

तर आता बेत असा, की डिसेंबरात न्यूझीलंडला जायचं. जाताना सगळ्यांसारखं मोठ्या विमानाने. तिथे पोचल्यावर एका क्लबाचं छोटं विमान भाड्याने घ्यायचं, तिथल्या शिक्षकाला एक फेरी मारून दाखवायची, त्याने मान डोलावली की मग दहा दिवस आपलं आपण उडत हिंडायचं. या गावाहून त्या गावाला. आपण म्हणजे वैशाली, नरेन आणि मी.

"मी कशाला गं?" मी विचारलं होतं.

"चार सीट आहेत आई."

एवढंच म्हणाली. आणि मी त्या चार सीटांवर महिनाभर खूश होते.

रविवारी नकाशावर बसल्या बसल्या तिने मला बरंच काही समजावलं. जांभळ्या रेघांच्या आत शिरायचं तर आधी रेडिओवर विचारायचं. डोंगरांवर लिहिलेले आकडे फुटांचे. अंतर मात्र मैलांत, आणि ते मैल आपले नाहीत, समुद्राचे.

"पण आपण हवेतून जाणार ना?"

"हो."

"मग समुद्राचे मैल कशाला?"

"आई, मी समजावून राहिली ना!" ती म्हणाली. घाई झाली की तिच्या तोंडून अमरावती बाहेर पडते.

मग तिने ते सांगितलं, ज्याने माझी झोप गेली. चार सीटचं विमान म्हणजे चार माणसांचं विमान नव्हे. माणसं, पिशव्या आणि पेट्रोल मिळून एक ठरलेलं वजन, त्याच्यावर एक किलो नाही. पेट्रोल भरायचं लिटरने आणि धरायचं किलोने. पूर्ण टाकी भरली तर माणसं कमी, माणसं भरली तर टाकी कमी. आणि नुसतं वजन नाही, कोण कुठे बसतं तेही. मागे जड झालं तर नाक वर, पुढे जड झालं तर नाक खाली.

"थोडक्यात बैलगाडी," नरेन म्हणाला.

"बैलगाडी उलार झाली तर माणूस रस्त्यावर पडतो," वैशाली म्हणाली. "त्याच्या खाली रस्ता असतो."

मग तिने नवा कोरा वजनकाटा हॉलच्या मधोमध ठेवला, बाथरूममध्ये असतो तसा. सगळ्यांनी चपला, पाकीट, जाकीट, जे जे घालून विमानात बसणार त्या सगळ्यासकट उभं राहायचं. ती उभी राहिली, एकोणसाठ. नरेन म्हणाला, मी जेवणाआधीचं देतो. दिलं. शहाण्णव. वैशाली लिहीत राहिली, आणि लिहिता लिहिता वहीकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "बसलं नाही तर एकाला कमी करावं लागेल."

विमान चालवणारीला कमी करता येत नाही. तिच्या नवऱ्याला कोण कमी करणार? मग राहिलं कोण, ते सांगायला गणित लागत नाही.

"आई, या," ती म्हणाली.

"माझं मागच्याच महिन्यात दवाखान्यात झालंय," मी म्हणाले. "छप्पन्न."

तिने लगेच लिहिलं. बाकी सगळं पेन्सिलीने लिहीत होती, माझं पेनाने लिहिलं. "आईंचं नक्की आहे," नरेनला म्हणाली. मी कोपऱ्यावरून उठले, नकाशाचा तेवढा कोपरा सर्रकन गुंडाळला गेला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसला. पुसलेलाच होता.

आता सांगते, हे मला इतकं का लागलं. माझे वडील, आप्पा, तोलार होते.

हल्ली हा शब्द सांगावा लागतो. शेतकऱ्याचा माल बाजारात यायचा, व्यापारी घ्यायचा, आणि मध्ये काट्यापाशी उभा राहून वजन सांगणारा जो माणूस, तो तोलार. दोघांचाही नाही आणि दोघांचाही. त्याने एकदा आकडा म्हटला की म्हटला. तेव्हा मार्केट यार्ड नव्हतं. भुसार बाजार भवानी पेठेत, नाना पेठेत भरायचा आणि आम्ही तिथूनच दोन गल्ल्या टाकून राहायचो. आप्पांचा काटा म्हणजे तीन वासे वर एकत्र बांधलेले, मधून लोंबणारी लोखंडी दांडी, दोन बाजूंना साखळ्यांची दोन पारडी. एकात पोतं, एकात वजनं. आकडा सांगताना आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, म्हणजे हात लावला असं कुणी म्हणायला नको. पहिल्या पोत्याला एक म्हणायचे नाहीत. लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. त्यांचा आवाज आमच्या खिडकीत यायचा आणि मी त्या आवाजावर अंक शिकले, त्यामुळे शाळेत बाईंनी एक ते दहा म्हणायला सांगितलं तेव्हा लाभ म्हणून उभी राहिले. सगळा वर्ग हसला. बाई नाही हसल्या. त्याही बाजारातल्याच होत्या.

थंडीत गूळ यायचा. ढेपा रचलेल्या असत आणि सकाळच्या गार हवेत तो वास असा खाली बसायचा, की गल्लीत पाय टाकला की जिभेला गोड लागे. संक्रांतीच्या पुढेमागे तीळ. मग नवी ज्वारी, तिला तर वासच नाही म्हणतात, पण आहे, कोरड्या उन्हासारखा. उन्हाळ्यात मिरची आली की अख्खी पेठ शिंकायची. हमाल तोंडाला पंचे बांधायचे, देवळातली आरतीसुद्धा मधे मधे शिंकत व्हायची. पावसाळ्यात पोती ओल धरत. तोच माल, पण जड. आप्पा पोत्यावर तळवा ठेवून नुसते थांबायचे, वैद्य नाडी बघतो तसे, आणि म्हणायचे, "पाणी प्यायलंय हे." आई त्यांचा सदरा धुवायला घेताना नाकाशी धरायची आणि आज कसला माल उतरला ते सांगायची. हळद ओळखायला वासही लागत नसे, बादलीतलं पाणीच पिवळं व्हायचं.

कशातलं किती खरं, ते आता मला सांगता येत नाही. गुळाचा वास थंडीतला की उन्हाळ्यातला, असं कुणी दटावून विचारलं तर मी गप्प बसेन. काटा पिंपळाखाली होता की लिंबाखाली? मला पिंपळ दिसतो, पण पानं लिंबाची दिसतात.

आप्पा म्हणत, झुकतं माप दुकानदाराने द्यावं, त्याच्या घरचं असतं. तोलाराचा काटा उभा. घरात मात्र आईचा कायदा वेगळा. कुणी गावाला निघालं की बरोबर शिदोरी द्यायची ती मुठीने, ओंजळीने. तोलायची नाही. तोलाराच्या घरात एवढी एकच गोष्ट काट्याच्या बाहेरची होती. "शिदोरी तोलली की वाट लांबते," असं ती म्हणायची. आणि माणूस तोलायचा नाही, हे आप्पांचं. देवाच्या नवसाला तोललं तर गोष्ट निराळी. उगाच मापायला माणूस म्हणजे काय पोतं आहे?

तरी मी एकदा पारड्यात बसले होते.

दुपार होती, माल उठला होता, बाजार झोपल्यासारखा. आप्पांनी मला दोन्ही काखांत धरून उचललं आणि पारड्यात ठेवलं. गार लोखंड मांडीला लागलं. समोरच्या पारड्यात वजनं पडली, एक, मग एक, आणि माझ्या खालची जमीन हळूच निघून गेली. साखळी कुरकुरली. मी वर चालले होते, की नुसती लोंबत होते? वजनं जास्त झाली असणार. पाय हवेत, खाली सांडलेली ज्वारी, चिमण्या, आणि आप्पांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या खाली. एवढंच. पुढचं नाही, मागचं नाही. वजन किती भरलं तेही आप्पांनी सांगितलं नाही.

हे मी ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, एकदा सांगितलं. आम्ही दोघी पन्नाशीला आलो होतो तेव्हा. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "वेडी आहेस का? पारड्यात मी होते. तू खाली उभी राहून भोकाड पसरलं होतंस."

"अगं, मला लोखंड गार लागलेलं आठवतंय."

"मीच तुला सांगितलं होतं गार लागतं म्हणून."

आता ताई नाही. आप्पा तर कधीचे नाहीत. एके वर्षी बाजार गुलटेकडीला गेला, काटा उतरला. कुणी उतरवला, आप्पा नव्या बाजारात का गेले नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दांडी काही दिवस आमच्या दाराआड उभी होती. तिच्यावर ओले कपडे वाळायचे. मग तीही दिसेनाशी झाली. मी हवेत होते की खाली उभी राहून रडत होते, हे विचारायला माणूसच उरलं नाही.

सोमवारी वैशाली पुन्हा वही घेऊन बसली. तक्त्यात पहिल्याच ओळीत भला मोठा आकडा.

"हे काय?"

"हे रिकाम्या विमानाचं वजन. त्यात माणूस नाही, पेट्रोल नाही. आधी हे धरायचं, मग त्यावर बाकीचं चढवायचं."

"अगं, म्हणजे धडा!"

"कसला धडा?"

"धडा गं. तुपाचा डबा तोलायचा, तर आधी रिकाम्या डब्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकतात. तो धडा. तो नीट केला नाही तर पुढचं सगळं खोटं."

तिने पेन्सिल दाताखाली धरली. "आमच्याकडे धडा म्हणजे पुस्तकातला. नाहीतर शिकवतात तो." मग तिने वहीत त्या ओळीपुढे चक्क लिहिलं: धडा. आणि म्हणाली, "बघा, तोलाराच्या मुलीचं वजन लिहिताना मला दोनदा विचारावं लागलं नाही."

मी ताट वाढायला उठले.

मंगळवारी ती ऑफिसला गेली तशी मी माझी बॅग उघडली. बॅगेचं वजन रविवारीच झालं होतं, नऊ किलो, तेही वहीत गेलं होतं. पण दहा दिवस परक्या मुलुखात जायचं आणि शिदोरी नको? मेतकूट घातलं. भाजणी, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी, नरेनला आवडतात त्या शंकरपाळ्या. सुकी भाकरी घालावीशी वाटली, पण आवरलं. बॅगेची चेन लावताना गुडघ्याने दाबावं लागलं. खरंच सांगते, त्या वेळी मनात पाप नव्हतं. शिदोरी तोलत नाहीत, म्हणजे तिला वजन नाही, असंच माझं मन धरून चाललं होतं. वजन आहे हे मला त्या बॅगेने उचलताना सांगितलं.

म्हणून बुधवारी रिक्षा केली आणि मार्केट यार्ड गाठलं. घरात सांगितलं, जिरे संपलेत. घरच्या काट्यावर उभं राहायचं धैर्य नव्हतं. तिथे आकडा दिसला असता तो घरात राहिला असता. रिक्षातून उतरले आणि डोळे मिटून उभी राहिले. लसूण आला, गोणपाट आलं, कुठूनतरी हळद. सगळं आलं, पण एकमेकांत मिसळून, कुठला महिना ते सांगेना. हमाल "बाजू, बाजू" करत गेले. टेम्पोवाले मागे घेताना वाजवतात ती कसली तरी इंग्रजी चाल.

शकूरभाईंचं मसाल्याचं दुकान मला माहीत आहे, त्यांचे वडील भवानी पेठेत आप्पांच्या काट्याच्या समोर बसत. शकूरभाईसुद्धा आता सत्तरीचे.

"या ताई. काय देऊ?"

"पाव किलो जिरे द्या. आणि भाई, तुमच्या त्या मोठ्या काट्यावर जरा उभी राहू?"

त्यांनी चष्मा वर केला. "माणसाचं वजन दवाखान्यात करतात ताई."

"तुमचा काटा खरा असतो."

"खरा असतो म्हणून तर आमच्या घरच्या बायका त्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत." मग जागा करून दिली, धान्य सांडलं होतं ते पायाने सारलं. "पर्स खाली ठेवा."

"राहू द्या. पर्ससकट जायचंय."

"कुठे?"

"विमानात. सून चालवणार आहे."

"माशाअल्ला," ते म्हणाले, आणि ते विमानाबद्दल होतं की सुनेबद्दल कळलं नाही. मी चढले. पत्रा चपलेखाली थोडा खचला. समोर लाल आकडे भराभर पळाले आणि थांबले. शकूरभाई पोत्याचं सांगतात तसं, ना हसून ना कुजबुजून, म्हणाले, "त्रेसष्ट चारशे."

आसपास दोन हमाल होते, एक गिऱ्हाईक होतं. सगळ्यांनी ऐकलं. कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र एकदम असं वाटलं, की कुणीतरी माझं नाव घेतलं.

"कमी सांगितलं होतंत वाटतं?" जिऱ्याची पुडी बांधता बांधता शकूरभाई म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तोंड सांगतंय. लोक पोतं कमी भरलं की तसं तोंड करतात. तुमचं उलटं आहे, पण तोंड तेच."

गुरुवारचा दिवस मला आठवत नाही. म्हणजे परवाचाच, पण आठवत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चिमण्या आठवतात आणि गुरुवारी काय जेवले ते नाही. हे असते तर त्यांना विचारलं असतं. ह्यांचं एक बरं होतं, ह्यांना कात्रजचा घाट ओलांडायलाही कारण लागायचं, त्यामुळे आमच्या संसारात कुणाला मागे ठेवायचं हा प्रश्नच कधी आला नाही. सगळेच मागे. मीही कधी म्हटलं नाही मला जायचंय म्हणून. कुणी काही बेत काढला की माझ्या तोंडून आधी निघायचं, "तुम्ही जा, मी आहे घरी." कुलूप लावायची वेळ यायचीच नाही.

शुक्रवारी वैशालीने घरूनच काम घेतलं होतं. दुपारी क्लबाला सगळे आकडे पाठवायचे, त्यावरून ते कुठलं विमान द्यायचं ते ठरवणार. सकाळीच पुन्हा नकाशा पसरला. या वेळी त्यावर पेन्सिलीची एक सरळ रेघ होती, एका गावापासून डोंगरांवरून थेट पलीकडच्या गावापर्यंत.

"अगदी काठावर बसतंय," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "चार किलो शिल्लक राहतात आई. चार! डोंगरावरून जाऊ. बर्फ वरून दिसेल तुम्हाला."

"आणि चार किलो जास्त झाले तर?"

"तर विमान हळू चढतं. डोंगर काही थांबत नाही."

तिने हे हसत सांगितलं. मी तिच्याकडे बघितलं. एकोणसाठ किलोची बाई, नाकावर चष्मा, माझ्या शब्दावर पेनाने लिहिणारी. ती पुढे बसणार होती. तिच्या मागे माझा मुलगा.

"वैशाली," मी म्हणाले, "छप्पन्न नाही. त्रेसष्ट आहे."

तिला कळलं नाही. "काय त्रेसष्ट?"

"मी. आणि बॅगेत शिदोरी आहे. रविवारी नव्हती. आता आहे."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "का आई?"

"तू म्हणालीस ना, एकाला कमी करावं लागेल."

"मी असं म्हणाली?" तिला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं असावं, कारण तिने कपाळाला हात लावला. "अहो, मी नरेनच्या पोटाबद्दल बोलून राहिली होती!"

तेवढ्यात नरेन चहाचा कप घेऊन आत आला. "काय झालं?"

"आईंचं वजन वाढलं."

"कधीपासून?"

"रविवारपासून. सात किलो."

"पाच दिवसांत?" नरेन माझ्याकडे बघत राहिला. "आई, तू खातेस तरी काय?"

वैशालीने माझी बॅग उघडली आणि डबे, पुड्या एकेक करून बाहेर काढले. हे सगळं तिकडे विमानतळावर सांगावं लागतं म्हणाली, काही आत जाऊ देतात, काही तिथेच काढून घेतात. भाजणी-पोह्यांची खात्री नाही. लाडू तेवढे चालतील बहुतेक. मग तिने काटा माझ्यापुढे सरकवला.

"तोला आता सगळं."

"शिदोरी तोलत नाहीत गं," मी म्हणाले. मला माहीत होतं हे बोलण्याची ही वेळ नव्हती, तरी तोंडातून गेलं. "वाट लांबते म्हणतात."

तिने डब्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. दोन डबे नि चार पुड्या वेगळ्या काढून माझ्या ओंजळीत, हातांवर, कडेवर अशा रचल्या. "मग ती तुम्हीच घ्या. तुमच्यासकट तोलू. वेगळी नाही तोलत, झालं?"

मी चपला घातल्या, पर्स खांद्याला अडकवली, लाडवांचा डबा छातीशी धरला आणि काट्यावर चढले. मला खालचा आकडा दिसेना, डबा मधे येत होता. वैशालीने वाकून वाचला. अडुसष्ट. तिने पेनाने लिहिलेलं छप्पन्न खोडलं आणि शेजारी पेन्सिलीने नवा आकडा घातला. मला उतरा म्हणाली नाही, म्हणून मी तशीच उभी राहिले.

बराच वेळ तिची गणितं चालली. "पेट्रोल कमी भरलं तर बसतं," शेवटी म्हणाली. "पण मग एका दमात डोंगरापलीकडे पोचत नाही. आणि एवढं जड विमान घेऊन मी डोंगरावर जाणारही नाही."

"मी बसने येऊ का?" नरेनने विचारलं. एवढा उत्साह मी त्याच्यात परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही पाहिला नव्हता. "तुम्ही दोघी विमानाने, मी सामान घेऊन खालून. मला खरंच चालेल. मला आवडेल!"

"तू गप बस," वैशाली म्हणाली.

"मी राहते घरी," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. आपोआपच. "तुम्ही दोघं जा, मी आहे इथे."

वैशालीने पेन्सिल खाली ठेवली. "आई, तसं नका सांगू. वजन, पेट्रोल, वारा, ते मी बघते, ते माझं काम. मला फक्त एक खरं उत्तर हवंय. तुम्हाला यायचंय का?"

आता हा काही अवघड प्रश्न नाही. लहान मुलाला विचारला तर तो उत्तर देऊन मोकळा होईल. पण माझं मला कळेना. भीती वाटत होती का? वाटत होती. हे वय आहे का? नाही. पाच दिवस खोटं मी कशासाठी धरून ठेवलं होतं, तेही मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला गाडी नीट लावता येत नाही का म्हणून विचारत होतं. नरेनने चहाचा घोट घेतला, त्याचा आवाज झाला.

"यायचंय," मी म्हणाले.

फार हळू म्हणाले असणार, कारण नरेन म्हणाला, "काय?"

"यायचंय मला."

वैशालीने मान हलवली, जणू मी जिरे किती आणायचे ते सांगितलं. खोडरबर घेऊन तिने डोंगरांवरची सरळ रेघ पुसली. कागदावर तिची फिकट खूण राहिली. मग दुसरी रेघ काढायला घेतली, डोंगर सोडून, समुद्राच्या कडेकडेने. ती बरीच वाकडी झाली. मधेच एका ठिकाणी थांबली, तिथे तिने छोटा गोल केला.

"इथे उतरावं लागेल. पेट्रोल घ्यायला. एक दिवस जास्तीचा जाईल, मुक्कामच करू."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे."

मी काट्यावरून उतरले, डबा खाली ठेवला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले. "काय आहे तिथे?"

"मला काय माहीत? या गावाचं मी आत्तापर्यंत नावही वाचलं नव्हतं." तिने नाक नकाशाला लावलं. "एक धावपट्टी दिसते. एक नदी. मग समुद्र."

"आणि नाव?"

तिने वाचलं. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा वाचलं, जरा सावकाश. नरेननेही वाकून वाचून पाहिलं. तिन्ही वेळा मला वेगळंच ऐकू आलं.